आठ कमळांचें निशाण

विराटपर्वांत एक मोठा मनोहर प्रसंग आहे. कौरवांनीं विराटाच्या गाई वळविल्या, बृहन्नडेच्या वेषांतील अर्जुन राजपुत्र उत्तराला सारथ्यास बसवून रणभूमीवर आला, आणि समोरच्या सेनेंत कोण कोण उभे आहेत हें तो त्या भांबावलेल्या मुलास सांगूं लागला. चेहरे ओळखूं येण्याइतके कोणी जवळ नव्हतें. तेव्हां अर्जुनानें ध्वज दाखविले. ज्याच्या ध्वजावर कमंडलु तो द्रोण, ज्याच्यावर धनुष्य तो अश्वत्थामा, हत्तीचा पट्टा ज्याच्या ध्वजावर तो कर्ण. सर्वांच्या शेवटीं त्यानें निळसर झांक असलेला, पांच तारे मिरविणारा ध्वज दाखविला आणि हे आपले पितामह, असें सांगितलें.

हा भाग शिकवितांना एका चिकित्सक विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, "गुरुजी, भीष्मांच्या रथावर तर ताडाचें झाड होतें ना? मग तारे कोठून आले?" प्रश्न चांगला होता. भीष्मपर्व काढून पाहिलें म्हणजे उलगडा होतो. तेथें ताडहि आहे आणि पांच तारेहि आहेत. अर्जुनानें तारे तेवढे सांगितले, ताड सांगितला नाहीं. ध्वज एकच, सांगणाऱ्यांनीं त्यांतलें कमीअधिक सांगितलें. जुन्या वस्तूंविषयीं दोन वर्णनें जुळत नसलीं कीं त्यांतील एक खोटेंच ठरविण्याची आपणांस फार घाई होते.

हें सारें आठवण्याचें कारण, पुण्याच्या केसरीवाड्यांत जतन करून ठेवलेलें एक निशाण. अमरकोशानें पताका, वैजयंती, केतन, ध्वज हे शब्द एकाच ठिकाणीं गोळा करून ठेवले आहेत. पण हिंदुस्थानच्या राष्ट्रध्वजाच्या वंशावळींत ज्याचा मान इतका मोठा आणि ज्याच्याविषयीं लिहिणाऱ्यांचें एकमत इतकें थोडें, असें दुसरें निशाण माझ्या वाचनांत नाहीं. आमच्या शेगांवांत पताकांची वाण नाहीं. आषाढींत पालखी पंढरपुरास निघाली म्हणजे भगव्या पताकांनीं रस्ता फुलून जातो, आणि ती पताका कोणाची, कोठून आली, असें कोणी विचारीत नाहीं. तिची ओळख परंपरेनें घरोघरीं आहे. राजकीय निशाणाचें तसें नसतें. तें घाईंत शिवलेलें असतें, लपवून नेलेलें असतें, आणि त्याचे साक्षीदार देशोदेशीं पांगलेले असतात.

प्रथम मूळ हकीकत. जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत जगांतील समाजवादी पक्षांची परिषद भरली होती. जोरेस, लेनिन, रोझा लुक्झेंबुर्ग अशीं माणसें त्या सभेंत होतीं. तेथें २२ ऑगस्ट रोजीं एक पारशी बाई व्यासपीठावर आल्या. भिकाईजी कामा त्यांचें नांव. जन्म मुंबईचा, २४ सप्टेंबर १८६१ चा. सोबत काठेवाडचे सरदारसिंह राणा होते. हिंदुस्थानच्या दैन्याची कैफियत मांडून बाईंनीं एक निशाण उलगडलें, हें स्वतंत्र हिंदुस्थानचें निशाण आहे असें सांगितलें, आणि जमलेल्या प्रतिनिधींस उठून त्याला वंदन करण्याची विनंति केली. स्वातंत्र्य मिळण्यास अजून चाळीस वर्षें होतीं. परक्या भूमीवर, परक्या लोकांपुढें, नसलेल्या राज्याचें निशाण धरून उभें राहण्यास काय धैर्य लागत असेल याची कल्पना आज १५ ऑगस्टला झेंडावंदन करतांना आपणांस येणें कठीण आहे.

हें निशाण दिसावयास कसें होतें? येथून मतभेदांस आरंभ होतो. पुष्कळ ग्रंथांत मिळणारें वर्णन असें: तीन आडवे पट्टे, वरचा हिरवा, मधला पिवळा, खालचा तांबडा. हिरव्यावर आठ कमळें, पिवळ्यावर देवनागरींत 'वंदे मातरम्', तांबड्यावर एकीकडे सूर्य व एकीकडे चंद्रकोर. परंतु राष्ट्रध्वजाच्या इतिहासाची जी सरकारी माहिती शाळाशाळांतून पाठ केली जाते, तींत निराळेंच सांगितलें आहे. ती म्हणते, कामाबाईंनीं हें निशाण १९०७ सालीं पॅरिसमध्यें उभारलें, कोणाच्या मतें १९०५ सालीं. वरच्या पट्ट्यावर कमळ एकच होतें आणि सप्तर्षींचे सात तारे होते. आणि तें बर्लिन येथील समाजवादी परिषदेंत दाखविलें गेलें. मधल्या पट्ट्यास कोणी पिवळा म्हणतो, कोणी केशरी, कोणी सोनेरी. निशाण कोणी आंखलें याविषयींहि तेंच. कोणी कामाबाईंचें नांव घेतो, कोणी सावरकरांचें, कोणी श्यामजी कृष्णवर्म्यांचें.

आतां एकेक गांठ सोडवूं.

बर्लिनची गांठ सर्वांत सैल. १९०७ ची ती परिषद स्टुटगार्टची, याविषयीं वाद नाहीं. पण पहिलें महायुद्ध पेटल्यावर वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय वगैरे हिंदी क्रांतिकारकांनीं बर्लिन येथें एक समिति स्थापन केली होती, आणि ती इतकी गाजली कीं जर्मनींतील हिंदी क्रांतिकारक म्हटले म्हणजे लिहिणाऱ्याच्या लेखणींतून बर्लिन सहज उतरतें. कांहीं पुस्तकांत तर या निशाणास बर्लिन समितीचें निशाण असेंच म्हटलेलें सांपडतें, मग समिति सात वर्षांनीं मागून जन्मली तरी चालेल!

१९०५ सालाचें म्हणणें मला पटत नाहीं. त्याचें कारण निशाणावरच लिहिलेलें आहे. 'वंदे मातरम्' हे शब्द बंकिमबाबूंचे खरे, पण ते राष्ट्राची रणघोषणा झाले ते वंगभंगाच्या चळवळींत, आणि फाळणी अमलांत आली ती १६ ऑक्टोबर १९०५ रोजीं. शिवाय या निशाणाचा वडील बंधु कलकत्त्यास सांपडतो. बहिष्काराचा ठराव ७ ऑगस्ट १९०५ चा. त्याच्या पहिल्या वर्षदिनीं, ७ ऑगस्ट १९०६ रोजीं, कलकत्त्याच्या पारशी बागेंत एक तिरंगी निशाण उभारलें गेलें. त्यावरहि आठ अर्धोन्मीलित कमळें, मध्यें 'वंदे मातरम्', खालीं सूर्यचंद्र. फरक रंगांच्या क्रमाचा: तेथें हिरवा पट्टा तळाशीं होता. तें निशाण योजणाऱ्यांत शचींद्रप्रसाद बसु आणि हेमचंद्र दास कानूनगो यांचीं नांवें सांगतात. हे हेमचंद्र मिदनापूरकडील. घरची मालमत्ता विकून १९०६ सालीं ते बाँबची विद्या शिकण्यासाठीं युरोपांत गेले व पॅरिसमध्यें राहिले. तेथेंच आपले पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढें सेनापति म्हणून गाजलेले, त्याच विद्येसाठीं आले होते. आणि कामाबाई व राणा हे त्या मंडळीचे पॅरिसमधील आधार होते. म्हणजे कलकत्त्याचें निशाण ज्यानें पाहिलें, किंबहुना घडविलें, तो मनुष्य स्टुटगार्टच्या आधीं पॅरिसच्या त्या घरांत वावरत होता. निशाणाचा प्रवास शोधूं जातां रेषा बहुधा एका मनुष्याच्या प्रवासाशीं येऊन मिळते, ती अशी. सावरकर तेव्हां लंडनमध्यें होते व या मंडळीशीं त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांनीं सल्ला दिला असल्यास नवल नाहीं. पण मूळ कल्पनेचा मान माझ्या मतें बंगालचा.

कमळें आठ कां? कारण तेव्हांचे मोठे प्रांत आठ, असा अर्थ लावतात. हा अर्थ तपासून पाहण्यासारखा आहे, कारण तो तपासतांना आपलें वऱ्हाड मध्यें येतें. १९०७ चा नकाशा घ्या. मुंबई, मद्रास, बंगाल, पूर्व बंगाल व आसाम, संयुक्त प्रांत, पंजाब, ब्रह्मदेश, आणि मध्यप्रांत व वऱ्हाड. वायव्य सरहद्द, कुर्ग, अजमीर असे लहान मुलूख सोडले तर बरोबर आठ भरतात. पण १९०३ पूर्वींचा नकाशा घेतला तर हिशेब जुळत नाहीं, कारण तोंवर वऱ्हाड निराळें होतें; हैद्राबादच्या रेसिडेंटाच्या हाताखालीं त्याचा कारभार चाले. १९०२ च्या करारान्वयें निजामानें वर्षाला पंचवीस लक्ष रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें दिलें आणि १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडलें गेलें. उलट १९१२ सालीं बिहार व ओरिसा निराळे झाले, आसाम पुन्हां वेगळा झाला, आणि आठाची संख्या मोडली. म्हणजे आठ कमळें प्रांतांचींच असतील तर ती कल्पना १९०३ ते १९१२ या नऊ वर्षांखेरीज दुसऱ्या काळांत बसतच नाहीं. बुलढाणें जिल्हा त्या आठव्या कमळांत होता, आपल्या पूर्वजांस हें ठाऊक असो वा नसो.

आणि सप्तर्षि? सात तारे व एक कमळ यांची बेरीजहि आठच होते, ही एक गंमत. परंतु मला वाटतें, तारे दुसऱ्या निशाणावरून येथें आले असावेत. १९१७ च्या होमरूल चळवळींत ॲनी बेझंटबाई व टिळक यांनीं जें निशाण चालविलें, त्यावर पांच तांबडे व चार हिरवे पट्टे होते, कोपऱ्यांत इंग्रजांचें निशाण होतें, आणि सप्तर्षींच्या आकृतींत सात तारे होते. टिळकांच्या होमरूल संघाच्या क्षेत्रांत वऱ्हाडहि होतें, त्यामुळें हें निशाण आमच्या बाजूस अपरिचित नसावें. दोन्ही निशाणें देशभक्तांचीं. आठवणींवरून लिहिणाऱ्याच्या हातून एकाचे तारे दुसऱ्यावर उगवले असतील तर आश्चर्य कसलें? भीष्मांच्या ध्वजाप्रमाणें येथेंहि ताड आणि तारे दोन्ही असतील, असें कोणी म्हणेल. म्हणावें, पण तशी साक्ष देणारें भीष्मपर्व येथें नाहीं.

अक्षरांवरून कांहीं निघेल, अशी मला आशा होती. शाळामास्तराची दृष्टि प्रथम अक्षराकडेच जावयाची. मुंबईच्या खिळ्यांचें देवनागरी वळण व कलकत्ता-काशीकडील जुनें वळण यांत अ, झ, ण, ल, श या अक्षरांत ठळक भेद असे, आणि त्यावरून लिहिणारा कोणत्या प्रांतीं शिकला हें पुष्कळदां सांगतां येतें. पण 'वंदे मातरम्' लिहून पाहा. त्या दोन शब्दांत यांतलें एकहि अक्षर येत नाहीं! लिपि बंगाली नसून देवनागरी आहे, एवढेंच काय तें हातीं लागतें. भगिनी निवेदितांनीं त्याच सुमारास वज्राचें चिन्ह असलेलें जें निशाण योजिलें त्यावर हे शब्द बंगाली अक्षरांत होते. कलकत्त्याच्या पारशी बागेंतील निशाण मात्र देवनागरीचें, आणि स्टुटगार्टचें त्याचें अनुकरण. म्हणजे आमचा वरील तर्क यानेंहि थोडा बळावतो.

सूर्यचंद्रांचा अर्थ हिंदु व मुसलमान असा करतात. असेल. पण आपल्याकडील शिलाहार-यादवांच्या दानाच्या शिळा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस दगडावर कोरलेले सूर्य व चंद्र परिचयाचे असतील. तेथें त्यांचा अर्थ इतकाच कीं सूर्यचंद्र आहेत तोंवर हें दान चालावें. महाराष्ट्रांतील एकाद्या खेडुतानें तें निशाण पाहिलें असतें तर त्यानें हाच अर्थ लावला असता. म्हणून चिन्हाच्या अर्थावरून निशाणाचें कुळ ठरवूं नये, असें माझें मत आहे.

आतां प्रत्यक्ष कापडाकडे वळूं, कारण शेवटचा पुरावा तेथेंच. जुन्या रंगाऱ्यांपाशीं हिरवा असा स्वतंत्र रंग क्वचितच असे. निळींत बुडविलेल्या कापडास पिवळा हात दिला म्हणजे हिरवें होई. वनस्पतींचा पिवळा रंग उन्हानें आधीं उडतो आणि मागें निळी झांक उरते. यामुळें जुन्या हिरव्यास पाहणारा निळा म्हणतो व केशरी विटलें म्हणजे त्यास पिवळें म्हणतो. तांबड्यासाठीं आपल्या वऱ्हाड-मध्यप्रांतांत आल नांवाच्या झुडपाचीं मुळें वापरीत. १८६९ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेचा रंग कृत्रिम तऱ्हेनें केला, आणि कांहीं वर्षांतच आलीची शेती बसली. म्हणजे युरोपांत १९०७ सालीं विकत घेतलेल्या कापडाचा रंग कारखान्यांतलाच असावयाचा. एकादें निशाण पेशवाईंतील म्हणून कोणी दाखविलें आणि त्यावर असा रंग निघाला तर मात्र सांगणाऱ्याला थांबवावें. शिवणीचेंहि तसेंच. यंत्राची टीप वरच्या व खालच्या अशा दोन दोऱ्यांची असते, ती उलटून पाहिली म्हणजे कळते. यंत्र प्रचारांत आलें तें १८५० नंतर. जुन्या वाड्यांतून पानिपतचीं म्हणून दाखविलीं जाणारीं निशाणें या एका कसोटीनें तपासावींत. याहून अलीकडची बनावट असल्यास आणखी एक युक्ति आहे. अतिनील दिव्याखालीं पांढरा दोरा निळसर चमकूं लागला तर त्यांत शुभ्रतेचें आधुनिक रसायन आहे. तें १९४० च्या सुमारापूर्वीं कापडांत नव्हतें.

छायाचित्रावरून रंग ठरविणारांस एक सूचना. त्या काळच्या पुष्कळ काचांस तांबडा रंग दिसतच नसे. तांबडें काळें उमटे, पिवळें अपेक्षेहून गडद उमटे, आणि निळें पांढुरकें होई. काळ्यापांढऱ्या चित्रावरून कोणता पट्टा कोणत्या रंगाचा याचा निवाडा करणें म्हणजे अंधारांत गाईंची खिल्लारें मोजण्यासारखें आहे. आकृति तेवढ्या अशा चित्रावरून पाहाव्यात.

राहिला प्रश्न निशाणाच्या मुक्कामांचा. पहिल्या महायुद्धांत फ्रेंच सरकारनें कामाबाईंस स्थानबद्ध केलें होतें. वृद्धापकाळीं, देह थकल्यावर, राजकारण सोडण्याच्या अटीवर १९३५ च्या अखेरीस त्यांस मुंबईस येऊं दिलें, आणि १३ ऑगस्ट १९३६ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. निशाण हिंदुस्थानांत आणलें तें गुजराथचे इंदुलाल याज्ञिक यांनीं, सरकारचा डोळा चुकवून. पुढें तें पुण्यास केसरी-मराठा संस्थेपाशीं आलें. टिळकांनीं १९०५ सालीं घेतलेल्या त्या वाड्यांत त्याला जागा मिळाली हें योग्यच झालें.

परंतु भावनगर येथें सरदारसिंह राण्यांच्या वंशजांकडेहि एक निशाण आहे, आणि तेंहि त्या काळचें म्हणून दाखविलें जातें. मग खरें कोणतें? पुष्कळांस हा वाद पुणें विरुद्ध भावनगर असा रंगवावयास आवडतो. मला तो तसा वाटत नाहीं. स्टुटगार्टनंतर कामाबाई अमेरिकेस गेल्या, सभा घेतल्या, पुढें पॅरिसमधून पुष्कळ वर्षें चळवळ चालविली. इतक्या उद्योगास एकच कापड पुरलें असेल? एकाच नमुन्याचीं दोन-चार निशाणें त्या घरांत शिवलीं गेलीं असण्याचा संभव अधिक. दोन्ही निशाणें शेजारीं ठेवून त्यांचे धागे, रंग व टांके एकाच जाणत्याच्या नजरेखालून जावेत, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. एक दुसऱ्याची बरोबरीची बहीण ठरलें तर त्यांत कोणाचा मान कमी होतो?

गेल्या वर्षीं येथल्याच एका जुन्या घरांतून माझा एक विद्यार्थी, आतां स्वतः पन्नाशीचा गृहस्थ, पेटींत सांपडलेलें निशाण घेऊन आला. "गुरुजी, हें मॅडम कामांच्या वेळचें असेल का? पंधरा ऑगस्टला शाळेंत तसें सांगून दाखवावें म्हणतों." मीं तें माजघरांत चटईवर पसरलें. वर पांढरा पट्टा, मध्यें हिरवा, खालीं तांबडा, मधोमध चरखा. कामाबाईंचें तें नव्हे, हें उघडच होतें. हा क्रम काँग्रेसच्या निशाणाचा. १९२१ पासून १९३१ पर्यंत तें चाललें, मग केशरी-पांढरें-हिरवें आलें, आणि २२ जुलै १९४७ रोजीं चरख्याच्या जागीं अशोकचक्र ठरलें. मुलाचा चेहरा उतरला. मीं म्हटलें, "अरे, तुझे आजोबा कधीं नागपुरास गेले होते काय?" तो म्हणाला, घरांत तसें बोलतात खरें. १९२३ सालीं मे पासून १८ ऑगस्टपर्यंत नागपुरास झेंडा सत्याग्रह चालला होता. प्रांतोप्रांतींचे स्वयंसेवक हेंच निशाण खांद्यावर घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघत आणि तुरुंगांत जात. जमनालाल बजाज त्यांत पकडले गेले, मग वल्लभभाईंनीं तो चालविला.

दुसऱ्या दिवशीं तो आपल्या वृद्ध मातोश्रींस घेऊन आला. त्यांनीं चष्मा लावून निशाणाचा कांठ बोटांनीं चांचपला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाल्या, "मास्तर, ही टीप नाहीं, तुरपाई आहे. प्रत्येक चौथ्या टांक्याला गांठ दिली आहे पाहा. आमच्या सासूबाई असेंच शिवीत. माझ्या हातून नुसती सरळ तुरपाई झाली कीं उसवावयास लावीत."

मीं एक कोरा कागद घेतला आणि त्याच्याकडून लिहवून घेतलें: पांढरें, हिरवें, तांबडें, चरख्याचें निशाण. १९२१ ते १९३१ या काळांतील. हातसुताची खादी. शिवण आजीच्या हातची, असें सूनबाई टांक्यावरून सांगतात. नागपूरच्या सत्याग्रहांत नेलें होतें, असें घरांतील बोलणें. कागद सांपडलेला नाहीं. खालीं तारीख व मातोश्रींची सही घेतली. निशाण धुवूं नका, इस्त्री फिरवूं नका, घडीच्या जागा दरवर्षीं बदला, डांबराच्या गोळ्या कापडास लागूं देऊं नका, इतकें सांगून मीं तें धुवट पांढऱ्या पंचांत गुंडाळून त्याच्या हातीं दिलें. कागद पंचाच्या आंत ठेवूं कीं बाहेर, असें त्यानें विचारलें. बाहेर, म्हणजे शाईचा डाग पडणार नाहीं.